शंभरातले नव्वद, पण कोणत्या शंभरातले?

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, वाळवंटात वसलेलं लास वेगास हे शहर जुगारासाठी जगभर प्रसिद्ध आहे. तिथल्या जुगारघरांच्या, म्हणजे कॅसिनोंच्या जाहिरातींत एक आकडा हमखास भेटतो. 'आमची यंत्रं ९० टक्क्यांहून जास्त पैसे परत देतात', अशा अर्थाचा. काही जाहिराती तर ९७ टक्क्यांपर्यंत जातात. ही यंत्रं म्हणजे स्लॉट मशीन. खाचेत नाणं टाकायचं, दांडा ओढायचा किंवा बटण दाबायचं, चित्रांची चाकं गरगर फिरून थांबतात, आणि ठरावीक चित्रं एका ओळीत आली तर बक्षीस मिळतं.

आता आपण सातवी-आठवीच्या वर्गात एक प्रश्न विचारू. यंत्र ९० टक्के परत देतं. शंभर रुपये घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी किती रुपये घेऊन घरी येईल? बहुतेक मुलं क्षणात उत्तर देतील, नव्वद. आपल्यातल्याही अनेकांच्या मनात तेच उत्तर येईल. गंमत म्हणजे जाहिरात खोटी नाही. नेवाडात हे आकडे सरकारकडून तपासले जातात. तरीही शंभर रुपये घेऊन गेलेले बरेचजण रिकाम्या खिशानं परततात. आकडा खरा आणि त्यातून काढलेला अर्थ चुकीचा, असं हे प्रकरण आहे. ते नीट समजून घ्यायला सव्वाशे-दीडशे वर्षं मागं जावं लागेल.

दोन पत्ते गायब

१८९१ साली न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये सिटमन आणि पिट या कंपनीनं एक यंत्र बाजारात आणलं. त्यात पाच नळकांडी होती आणि प्रत्येकावर दहा-दहा पत्त्यांची चित्रं. नाणं टाकून दांडा ओढला की पाच पत्ते समोर येत. पत्त्यांच्या पोकर या खेळातल्यासारखा चांगला 'हात' जमला, तर दारूच्या गुत्त्याचा मालक फुकट बिअर किंवा सिगार देई.

पाच गुणिले दहा म्हणजे पन्नास. पण पत्त्यांचा जोड तर बावन्नचा असतो. मग दोन पत्ते गेले कुठं? ते गाळलेले असत. बहुधा इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम. पोकरमधला सर्वांत मोठा हात म्हणजे एकाच रंगाचे दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का. असे हात चारच, प्रत्येक रंगाचा एक. इस्पिकची दश्शी नाही म्हणजे इस्पिकचा हात जमणार नाही. बदामचा गुलाम नाही म्हणजे बदामचाही नाही. पन्नासच पत्ते मावतात हे कारण पुढे करून सर्वांत मोठ्या बक्षिसाच्या शक्यता निम्म्यावर आणल्या होत्या. शिवाय कोणता पत्ता कोणत्या नळकांड्यावर हेही मालकाच्याच हातात. एकाच नळकांड्यावरचे दोन पत्ते एका वेळी समोर येऊच शकत नाहीत.

खेळणाऱ्याच्या डोळ्यांना पत्त्यांचा नेहमीचा जोड दिसे. यंत्राचा हिशोब मात्र वेगळ्याच जोडावर चाले. ही गोष्ट लक्षात ठेवू या. पुढच्या शंभर वर्षांत ती बरीच वाढत जाणार आहे.

तीन चाकं, हजार मेळ

पोकरचे मेळ इतके जास्त असतात, की कोणत्या मेळाला किती द्यायचं हे यंत्राला ओळखता येईना. हा प्रश्न सोडवला सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या चार्ल्स फे यांनी. ते मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे, हुशार कारागीर. १८९० च्या दशकात त्यांनी 'लिबर्टी बेल' हे यंत्र बनवलं. पाचाऐवजी तीन चाकं, आणि पत्त्यांऐवजी मोजकीच चित्रं : घोड्याची नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याची खूण असलेली तडा गेलेली घंटा. तीन घंटा एका ओळीत आल्या, की यंत्रातून आपोआप पाच सेंटांची दहा नाणी खाली पडत. मधे मालकाची गरजच उरली नाही.

फे आपली यंत्रं गुत्त्यांमध्ये ठेवत आणि कमाईचा निम्मा वाटा घेत. म्हणजे यंत्रानं किती परत द्यायचं, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून धंद्याचा होता. फार कमी दिलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी फिरकणार नाही. फार दिलं तर मालकाला काही उरणार नाही.

फे यांच्या यंत्रात प्रत्येक चाकाला थांबण्याच्या दहा जागा होत्या. त्यांना आपण 'घरं' म्हणू. दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे एकूण हजार मेळ. एवढे मेळ वर्गातल्या फळ्यावरही सांभाळता येतात. तेव्हा आपणच एक काल्पनिक यंत्र बनवू. त्याच्या प्रत्येक चाकावर घंटेचं एक घर, संत्र्याची दोन, चेरीची तीन आणि लिंबाची चार. एका खेळीला एक नाणं. बक्षिसं अशी ठेवू :

तीन घंटा : १ × १ × १ = १ मेळ. बक्षीस १०० नाणी. एकूण १००.

तीन संत्री : २ × २ × २ = ८ मेळ. बक्षीस २५ नाणी. एकूण २००.

तीन चेरी : ३ × ३ × ३ = २७ मेळ. बक्षीस १० नाणी. एकूण २७०.

पहिल्या दोन चाकांवर चेरी, तिसऱ्यावर दुसरं काहीही : ३ × ३ × ७ = ६३ मेळ. बक्षीस ५ नाणी. एकूण ३१५.

लिंबाला काही नाही. बेरीज केली तर ८८५ येते. हजारच्या हजार मेळ एकेकदा आले असं धरलं, तर यंत्रात हजार नाणी पडतील आणि ८८५ बाहेर येतील. म्हणून या यंत्राचं परताव्याचं प्रमाण ८८.५ टक्के. मालकाचा वाटा ११.५ टक्के. आणि हेही पाहा, की बक्षीस मिळण्याचे मेळ फक्त ९९ आहेत. म्हणजे दहातल्या नऊ खेळींत काहीच मिळणार नाही. '८८.५ टक्के परत' आणि 'शंभरातल्या दहाच खेळींत बक्षीस' ही दोन्ही विधानं एकाच यंत्राबद्दल एकाच वेळी खरी आहेत.

हा हिशोब काही फे यांच्या काळात जन्माला आला नाही. १६५४ साली ब्लेझ पास्कल आणि पिएर द फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना पत्रं लिहून एक प्रश्न सोडवला. जुगाराचा डाव मधेच थांबला, तर पणाला लावलेले पैसे दोघांत कसे वाटायचे? त्यातून जी कल्पना आकाराला आली ती १६५७ साली ख्रिस्तियान हायगेन्स यांनी छोट्या पुस्तकाच्या रूपात मांडली. प्रत्येक शक्यतेला तिच्या बक्षिसानं गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. तीच त्या संधीची रास्त किंमत. आज आपण तिला 'अपेक्षित मूल्य' म्हणतो. आपल्या यंत्रातल्या एका नाण्याच्या खेळीचं अपेक्षित मूल्य ०.८८५ नाणं आहे. परताव्याचं प्रमाण म्हणजे हेच अपेक्षित मूल्य, टक्क्यांत लिहिलेलं.

चिंचोक्यांचा खेळ

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. अपेक्षित मूल्य ९० टक्के असेल, तर शंभराचे नव्वद का होत नाहीत? हे सांगून पटत नाही, करून पाहावं लागतं. आम्ही त्यासाठी चिंचोके वापरले.

एका पिशवीत ० ते ९ अशा दहा चिठ्ठ्या टाका. एका मुलाला 'दुकानदार' करा. बाकी प्रत्येकाला वीस चिंचोके द्या. एक चिंचोका दुकानदाराला द्यायचा आणि एक चिठ्ठी काढायची. ७ आला तर दुकानदार नऊ चिंचोके देईल, नाहीतर काही नाही. चिठ्ठी परत पिशवीत टाकून पिशवी हलवायची. दहा चिठ्ठ्यांत एक बक्षीस, तेही नऊचं. म्हणजे परतावा बरोबर ९० टक्के. जिंकलेले चिंचोके बाजूला ठेवून प्रत्येकानं मूळच्या विसांच्या वीस खेळी खेळायच्या.

सरासरीनं प्रत्येकाकडे अठरा चिंचोके उरायला हवेत. पण प्रत्यक्षात काय दिसेल? वीस खेळींत एकदाही सात न येण्याची शक्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे १२ टक्के. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण पाच मुलांचे हात रिकामे होतील. अकरा-एक मुलांना एकच बक्षीस मिळून त्यांच्याकडे नऊ उरतील. आणखी अकराजणांकडे अठरा. आणि उरलेल्या तेराएक मुलांकडे सत्तावीस किंवा त्याहूनही जास्त!

वर्गातली जवळजवळ एक तृतीयांश मुलं फायद्यात आहेत, हे नीट पाहून घ्या. आम्ही खेळलो तेव्हा आमच्यातल्या एकाला पहिल्या दोन खेळींत दोनदा सात आला, आणि 'मला पिशवीची नस सापडली' असं तो तासभर गंभीरपणे सांगत होता. पुढे त्याचे सगळे चिंचोके गेले, पण ती पहिली दोन बक्षिसं तो विसरला नाही. कॅसिनोतून बाहेर पडणारा माणूस गावभर सांगतो तो असाच दिवस. हात रिकामे झालेले गप्प बसतात.

आता दुकानदाराकडून पाहू. चाळीस मुलांनी मिळून आठशे खेळी केल्या. सरासरीनं दुकानदाराला ८० चिंचोके उरतील. पण आठशे ही संख्या अजून लहानच आहे. एखाद्या वर्गात दुकानदार तोट्यातही जाईल. सहा-सात वर्गांत हा खेळ केला, तर एखाद्या वर्गात तसं होण्यासारखं आहे. मात्र खेळी दहा लाख झाल्या तर? सरासरीचा नफा एक लाख चिंचोके, आणि प्रत्यक्ष नफा बहुतेक वेळा यापेक्षा पाच-सहा हजारांहून जास्त इकडेतिकडे होणार नाही. दहा लाखांना पैज उरतच नाही, तो पगार होतो.

याला 'मोठ्या संख्यांचा नियम' म्हणतात. याकोब बर्नुली यांनी तो सिद्ध केला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १७१३ साली त्यांच्या ग्रंथात तो प्रसिद्ध झाला. खेळी वाढत जातात तसं सरासरीचं प्रमाण अपेक्षित मूल्याकडे सरकतं. कॅसिनोची यंत्रं दिवसरात्र चालतात, म्हणून नियम कॅसिनोच्या बाजूनं उभा असतो. खेळणारा दोनचार तास खेळतो. त्याच्या वाट्याला सरासरी येत नाही, नशीब येतं.

इथं एक गैरसमज वर्गात हमखास निघतो. 'बराच वेळ सात आला नाही, म्हणजे आता येणारच.' पिशवीला आठवण नसते. मागच्या तीस चिठ्ठ्यांत सात आला नसला, तरी एकतिसाव्या वेळी शक्यता एक दशांशच राहते. मोठ्या संख्यांचा नियम जुनी तूट भरून काढत नाही. पुढच्या लाखो खेळींपुढे ती तूट नगण्य ठरते, एवढंच.

फिरून फिरून तेच पैसे

चिंचोक्यांचा खेळ अजून संपलेला नाही. आता ज्यांच्याकडे जे उरलंय ते सगळं त्यांनी पुन्हा लावायचं. मग पुन्हा, आणि पुन्हा. वर्गाची सरासरी २० वरून १८, मग १६.२, मग १४.५८ अशी उतरत जाईल. सातव्या फेरीनंतर ती दहाच्याही खाली असेल. प्रत्येक फेरीत यंत्र प्रामाणिकपणे ९० टक्के परत देतं आहे, तरी निम्म्याहून जास्त चिंचोके दुकानदाराकडे गेले.

आपल्या मूळ प्रश्नाची खरी ग्यानबाची मेख इथं आहे. ९० टक्के कशाचे? खिशातल्या पैशांचे नव्हे, तर लावलेल्या एकूण रकमेचे. माणूस शंभर रुपये घेऊन जातो, पण जिंकलेले पैसे पुन्हा पुन्हा लावतो. शंभर रुपयांच्या जोरावर संध्याकाळभरात हजार रुपयांच्या खेळी होतात. हजाराचे १० टक्के म्हणजे शंभर. आकडा खरा ठरला आणि खिसाही रिकामा झाला.

वेगाचाही हिशोब करून पाहा. सहा सेकंदांना एक खेळी, म्हणजे तासाला सहाशे. एका खेळीला पाच रुपये धरले तर तासाला तीन हजार रुपये लावले जातात. ९० टक्के परतावा असला तरी सरासरी तोटा तासाला तीनशे रुपये. दांडा ओढण्याऐवजी बटण आलं आणि प्रत्येक खेळीला लागणारा वेळ कमी झाला, तेव्हा टक्केवारीत काहीच न बदलता मालकाचं तासाचं उत्पन्न वाढलं.

चाक दिसेनासं झालं

आता पुन्हा इतिहासाकडे. १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्को शहराचा मोठा भाग जळाला, त्यात फे यांचा कारखानाही गेला. १९०९ साली त्या शहरानं या यंत्रांवर बंदी घातली. शिकागोच्या मिल्स कंपनीसारखे उत्पादक तोवर पुढे आले होते. बंदी चुकवण्यासाठी काही यंत्रं च्युइंगगम विकण्याची यंत्रं म्हणून वावरू लागली. चाकांवर गमच्या स्वादांची फळं आली : चेरी, संत्रं, लिंबू, आलुबुखार. ती आजही टिकून आहेत. १९३१ साली नेवाडानं जुगार कायदेशीर केला आणि या यंत्रांना कायमचं घर मिळालं.

या काळात चाकांवरची घरं दहाची वीस-बावीस झाली. बावीस घरांची तीन चाकं म्हणजे १०,६४८ मेळ. इथं यंत्र बनवणाऱ्यांची अडचण झाली. प्रत्येक चाकावर घंटेचं एकच घर ठेवलं, तरी तीन घंटा सरासरी साडेदहा हजार खेळींत एकदा येणारच. म्हणजे बक्षीस दहा हजार नाण्यांपेक्षा बरंच कमी ठेवावं लागणार. मोठं बक्षीस द्यायचं तर चाकं मोठी करायला हवीत किंवा त्यांची संख्या वाढवायला हवी. पण भलंमोठं चाक पाहून खेळणाऱ्यालाही कळतं, की यात आपलं जमणं कठीण आहे. लोखंडी चाक एका अर्थानं प्रामाणिक होतं. धीर धरून बसलं तर त्यावरची घरं कुणालाही मोजता येत.

१९६३-६४ च्या सुमारास बॅली कंपनीनं विजेवर चालणारं यंत्र आणलं. त्यातून पाचशेपर्यंत नाणी आपोआप बाहेर पडू शकत. १९७६ साली पडद्यावर चित्रं दाखवणारं यंत्र आलं. पण खरा बदल १९८४ साली झाला. इंगे टेल्नेस या नॉर्वेत जन्मलेल्या तंत्रज्ञाला त्या वर्षी एक पेटंट मिळालं. त्यातली कल्पना साधी होती. चाक कुठं थांबायचं हे चाकानं ठरवायचंच नाही. यंत्रातला संगणक सतत यादृच्छिक संख्या तयार करत असतो. बटण दाबलं त्या क्षणीची संख्या निकाल ठरवते. चाकाला फक्त त्या घरावर नेऊन थांबवलं जातं. चाक फिरतं ते आपल्याला दाखवण्यापुरतं.

मग संगणकाच्या आतलं, न दिसणारं चाक हवं तेवढं मोठं करता येतं. दिसणाऱ्या चाकाला बावीस घरं, पण आतल्या 'आभासी' चाकाला चौसष्ट. या चौसष्ट जागा बावीस घरांत वाटून द्यायच्या. घंटेला एकच जागा, रिकाम्या घरांना चार-चार, सहा-सहा. आता तीन घंटा येण्याची शक्यता चौसष्टाचा घन, म्हणजे २,६२,१४४ त एक. डोळ्यांना मात्र बावीस घरांचं तेच ओळखीचं चाक दिसतं आणि मन साडेदहा हजारांत एकचा अंदाज बांधतं. फरक जवळजवळ पंचवीस पट. खेळणाऱ्याला शक्यता प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटावी, हा हेतू टेल्नेस यांच्या पेटंटमध्ये उघडपणे नोंदवलेला आहे. १८९१ च्या यंत्रात दोन पत्ते गायब होते. इथं चाकच गायब झालं.

थोडक्यात हुकलं!

याचा आणखी एक परिणाम झाला. समजा घंटेच्या वरच्या आणि खालच्या रिकाम्या घरांना आतल्या चाकावर सहा-सहा जागा दिल्या. तर घंटा ओळीवर येण्याची शक्यता चौसष्टात एक, पण ओळीच्या लगेच वर किंवा खाली दिसण्याची चौसष्टात बारा. साध्या चाकावर दर एका 'आली'ला दोन 'हुकली' असतात, इथं बारा. खेळणाऱ्याला पुन्हा पुन्हा वाटतं, जरासं हुकलं, आता येईलच. गणितानं पाहिलं तर घंटा एक घर दूर असो की दहा, हरणं ते हरणंच. पण मन तसा हिशोब करत नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीला असंच एक प्रकरण नेवाडाच्या जुगार आयोगापुढे आलं. एका कंपनीची यंत्रं खेळी हरली हे ठरल्यावर मुद्दाम 'थोडक्यात हुकलेली' चित्रं जास्त वेळा दाखवत असत. आयोगानं ही पद्धत बंद केली. आभासी चाकावर जागा कमीजास्त वाटण्याची पद्धत मात्र कायदेशीर राहिली.

या सगळ्यात टक्केवारीचं काय झालं? ती होती तशीच राहिली. बक्षीस प्रचंड वाढवायचं आणि ते मिळण्याची शक्यता तेवढीच घटवायची, गुणाकार तोच. १९८६ साली नेवाडात अनेक कॅसिनोंतली यंत्रं दूरध्वनीच्या तारांनी जोडून 'मेगाबक्स' हा खेळ सुरू झाला. प्रत्येक खेळीतला थोडा वाटा एका सामाईक बक्षिसात जमा होत जातो. मार्च २००३ मध्ये लास वेगासच्या एका कॅसिनोत एकाच माणसाला सुमारे ३ कोटी ९७ लाख डॉलर मिळाले. आता विचार करा, ही रक्कमसुद्धा 'परताव्याच्या टक्क्यां'तच मोजली जाते. परत आलेल्या पैशांचा मोठा वाटा एकाच्या घरी गेला, तर बाकी सगळ्यांच्या वाट्याला जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा कमीच येणार. वर्गातल्या एका मुलाला हजार गुण आणि बाकीच्यांना शून्य मिळाले, तरी सरासरी छानच दिसते.

कागदावरचा आकडा कोण पाहतो?

चाक दिसेनासं झाल्यावर खेळणाऱ्याला मोजण्यासारखं काही उरलं नाही. मग भरवसा सरकारी तपासणीवरच. नेवाडाच्या नियमांनुसार यंत्राचा सैद्धांतिक परतावा किमान ७५ टक्के असावा लागतो. न्यू जर्सी राज्यात १९७८ साली पहिला कॅसिनो उघडला, तिथं ही मर्यादा ८३ टक्के आहे. प्रत्यक्षात बहुतेक यंत्रं याहून बरंच जास्त परत देतात. नेवाडाचं नियंत्रण मंडळ दरमहा आकडे प्रसिद्ध करतं. त्यात एक गोष्ट सातत्यानं दिसते : एक सेंटची यंत्रं डॉलरच्या यंत्रांपेक्षा कमी टक्के परत देतात. लहान नाणं घेऊन आलेल्याकडून शेकडा जास्त घेतलं जातं.

पण तपासणारेही माणसंच. १९९५ साली नेवाडाच्या त्याच मंडळातल्या, यंत्रांच्या आज्ञावली तपासणाऱ्या एका तंत्रज्ञाला अटक झाली. यंत्रांत गुप्त फेरफार करून तो साथीदारांकरवी पैसे जिंकत होता. पुढे त्याला शिक्षा झाली.

आणि एखाद्या विशिष्ट यंत्राचा आकडा? तो बाहेरून ओळखता येत नाही. प्रत्येक यंत्राबरोबर कंपनीचा एक तक्ता असतो. कोणत्या चित्राला आतल्या चाकावर किती जागा, कोणत्या मेळाला किती बक्षीस, असा आपण फळ्यावर मांडला तसाच, फक्त मोठा. कंपन्या तो गुप्त ठेवतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑन्टारिओ प्रांताच्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली असे काही तक्ते मिळवले आणि २००९ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा दिसलं, की एकाच नावाचा, एकाच रंगरूपाचा खेळ वेगवेगळ्या परताव्याच्या आवृत्त्यांमध्ये विकला जातो. शेजारशेजारची दोन सारखी यंत्रं निरनिराळे टक्के देत असू शकतात.

आपल्या वर्गात

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असं वाटेल, पण तसं नाही. गोव्यात १९७६ चा जुगारविषयक कायदा १९९२ साली बदलून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट करून दिली गेली. पाण्यावरच्या जहाजांतल्या कॅसिनोंची मुभा १९९६ च्या दुरुस्तीनं आली. महाराष्ट्रानंही १९७६ सालीच कॅसिनोंसाठी कायदा केला होता. तो कधीच अमलात आणला गेला नाही, आणि २०२३ साली रद्द झाला. फोनवर पैसे लावून खेळायचे खेळ तर घराघरात पोचले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं त्यांच्यावर बंदीचा कायदा केला. कायदे येतात, बदलतात. टक्केवारी वाचण्याची सवय मात्र शाळेतच लागावी लागते.

म्हणून आमची सूचना अशी, की शेकडेवारीचा धडा संपला की एक दिवस चिंचोक्यांचा खेळ जरूर करा. चिंचोके शेवटी गोळा करून बरणीत परत टाका, आणि मुलांना प्रत्येक फेरीनंतर वर्गाची सरासरी व आपापला आकडा वहीत शेजारीशेजारी लिहायला सांगा. मग ज्या मुलांकडे चाळीस-पन्नास चिंचोके जमले होते, त्यांना एकच प्रश्न विचारा : आणखी दहा फेऱ्या खेळायचं का? त्यांची उत्तरं ऐका, आणि त्यानंतरच फळ्यावर '९० टक्के परतावा' असं लिहून सगळ्या वर्गाला विचारा, कोणत्या शंभरातले?